दोन्ही हात मोकळे

साठी उलटली की हातांना एक नवे काम लागते. तोवर ते उचलण्यासाठी, देण्याघेण्यासाठी असतात. पुढे त्यांना आधारही शोधावा लागतो. जिन्याचा कठडा, एसटीच्या दाराशेजारचा दांडा, न्हाणीघराची भिंत, सोबतच्या माणसाचा दंड. ज्या हातात पिशवी असते तो हात या कामी येत नाही. इतक्या साध्या कारणासाठी मी वयाच्या ६९ व्या वर्षी पाठीवर सॅक घेऊ लागले, आणि ती निवडताना जे पाहिले, तपासले, विचारले ते येथे लिहीत आहे. आमच्या पिढीला सॅक ही शाळकरी मुलांची किंवा गड चढणाऱ्या तरुणांची वस्तू वाटते. साडीवर ती कशी दिसेल, असे आमच्या कॉलनीतील दोघीतिघींनी मला विचारले. बरी दिसते. शिवाय पदर पट्ट्याखाली नीट दबून राहतो, हा एक अनपेक्षित लाभ.

यजमानांचे वय ७६. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. दर दोन महिन्यांनी आम्ही साताऱ्याहून पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जातो. अंतर सुमारे ११० किलोमीटर. मुलगा गाडी करून देतो म्हणतो, परंतु यजमानांना एसटीनेच जायचे असते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मला महिला म्हणून अर्धे तिकीट पडते. प्रश्न पैशांचा नाही. चाळीस वर्षे नोकरीनिमित्त ज्या गाड्यांतून ते फिरले, त्या गाडीत अजूनही आपल्या पायांनी चढता येते, ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, आणि ती जितके दिवस टिकेल तितकी टिकवावी असे मलाही वाटते.

आता माझी बाजू. चार वर्षांपूर्वी माझे मनगट मोडले तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. तिच्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असला तर अस्थिविरळता आहे असे मानतात. माझा आकडा त्या रेषेच्या खाली होता. तरुणपणी माझी उंची १५५ सेंटीमीटर होती, आज १५१ आहे. ही झीज पाठीच्या मणक्यांतली. म्हणजे एका बाजूस ज्यांचा तोल केव्हाही जाऊ शकतो असे यजमान आणि दुसऱ्या बाजूस पडले तर मोडेल अशी मी. या जोडीने प्रवास करायचा, तर सामान कोठे आणि कसे असावे हा सोयीचा किंवा शोभेचा प्रश्न उरत नाही.

पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाऊल एकाएकी जमिनीला खिळते. बहुधा दारातून जाताना, वळताना, गर्दीत. अशा वेळी ओढायचे नसते. थांबायचे, एक श्वास घ्यायचा, ‘समोर एक रेघ आहे, ती ओलांडा’ असे सांगायचे, किंवा एक-दोन-एक-दोन असा ठेका धरायचा. हे सारे करताना माझा एक हात त्यांच्यापाशी असतो आणि दुसऱ्याने मला कठडा धरावा लागतो. खांद्यावरची शबनम नेमकी त्याच क्षणी कोपरापर्यंत घसरते. खांदे उतरते असले की कोणतीही एकपट्टी पिशवी घसरतेच. ती घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा उचलून धरतो आणि संध्याकाळी मान का दुखते, हे कोडे सोडवत बसतो. वजन एका बाजूला असल्याने कणाही दुसरीकडे झुकतो.

घरात एक सॅक होती. भाच्याच्या कार्यालयात कसल्याशा परिषदेत मिळालेली, काळी, भरदार, लॅपटॉपचे कप्पे असलेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती रिकामीच सव्वा किलो भरली. तिसऱ्या प्रवासात तिचा एक पट्टा मुळातून उसवला. उसवला ते बरे झाले, कारण त्यामुळे सॅक कशी शिवलेली असते हे मला आतून पाहता आले. ज्या जागी सारे वजन तोलले जाते, त्या जागी शिवणीची एकच सरळ धाव होती. चांगल्या सॅकमध्ये पट्टा पाठीच्या कापडात खोल घातलेला असतो आणि त्यावर चौकट व तिच्यात फुली असे टाके असतात, किंवा जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची घट्ट पट्टी असते. दुकानात मी आता सर्वांत आधी हेच पाहते. कप्पे किती, हे विक्रेता सांगतोच.

मग पाहते ती जाडी. सॅकची उंची आणि रुंदी सगळे विचारतात, जाडी कोणी विचारत नाही. कळशी कमरेवर घेऊन आपल्या आया-आज्या कोसभर चालत. तीच कळशी हात लांब करून धरली तर दहा पावलेही जाता येणार नाही. वजन तेच, पण शरीरापासून त्याचे अंतर वाढले की स्नायूंना कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. सॅकचेही असेच आहे. मागे फुगलेली सॅक आपल्याला मागे ओढते, मग तोल सावरण्यासाठी आपण पुढे वाकतो. विरळ झालेल्या मणक्यांना हे पुढे वाकणेच सर्वांत घातक, कारण वाकल्यावर भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती कडाच चेपते. पुष्कळ वृद्ध स्त्रियांच्या पाठीला येणारा बाक असा, एकेक मणका चेपून आलेला असतो. म्हणून भरल्यावरही १२ ते १५ सेंटीमीटरहून अधिक फुगणार नाही, अशी सपाट, पाठीला बिलगून राहणारी सॅक मी शोधत होते. एसटीच्या दोन आसनांच्या रांगांमधून जाताना जाड सॅक बसलेल्यांच्या डोक्याला लागते, हे तर आहेच. पण मागून कोणी तिला धक्का दिला तर तो धक्का थेट आपल्या तोलाला बसतो, हे अधिक महत्त्वाचे.

सॅक आपल्या पाठीच्या मापाची हवी. उंचीवरून हे माप ठरत नाही. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड टोचून वर येते, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावावा. घरातल्या कोणाकडून तरी हे मोजून घ्यावे, आपले आपल्याला जमत नाही. सॅकची पाठ या मापाहून लांब नसावी, नाहीतर ती बसताना खुर्चीवर टेकते आणि चालताना नितंबावर आपटते. माझ्या मापात बसतील अशा सॅका बहुधा १५ ते १८ लिटरच्या निघाल्या. दुकानदाराने “काकू, थोडी मोठी घ्या, कधी लागली तर?” असे दोनदा सुचवले. मोठी सॅक भरली जातेच. रिकामी जागा मोकळी सोडण्याचा संयम मला तरी नाही.

वजनाच्या बाबतीत शाळकरी मुलांचा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. तो नियम वाढत्या, बळकट हाडांसाठी आहे. आपण तो जसाच्या तसा उचलू नये. माझे वजन ५२ किलो. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला ३ किलोंची मर्यादा घातली. दुसऱ्या कोणाची मर्यादा याहून कमी असेल, एखाद्याला पाठीवर काहीही घेऊ नका असेही सांगितले जाईल. ज्यांचा मणका अलीकडेच चेपला आहे किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तर विचारल्याखेरीज सॅक घेऊच नये. मी घरच्या काट्यावर एकेक वस्तू मोजली. सॅक ६२० ग्रॅम, अहवालांची फाइल ३८०, अर्ध्या लिटरची भरलेली प्लॅस्टिकची बाटली ५६०, औषधांची डबी २१०, पोळीभाजीचा डबा ४५०, शाल २८०, छत्री २६०. एकूण पावणेतीन किलो आणि वर दहा ग्रॅम. आमची आवडती स्टीलची बाटली भरल्यावर एकटीच ११०० ग्रॅम होते, म्हणून ती घरी राहते आणि पाणी वाटेत पुन्हा भरून घेतो. एमआरआयच्या मोठ्या फिल्म या सॅकमध्ये मावत नाहीत. त्या दर खेपेला न्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारले तर बहुधा ‘नकोत’ असेच उत्तर मिळते. लेखी अहवाल पुरतो, आणि तो साध्या ए-फोर कागदावर असतो. सॅक निवडताना मी ती फाइल सोबत नेली होती आणि दुमडल्याखेरीज आत सरकते का, हे पाहिले होते.

खरे तर मी सगळेच सामान कापडी पिशवीत घालून पोवई नाक्याजवळच्या त्या दुकानात नेले होते. रिकामी सॅक प्रत्येकीच्या पाठीवर छान बसते. भरून, पट्टे आवळून दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढउतार केल्या, तेव्हा तीनपैकी दोन आपोआप बाद झाल्या. एकीची पाठ इतकी ताठ होती की माझ्या बाकामुळे ती वरून सुटून राहिली आणि खालून टोचू लागली. दुसरीचे पट्टे अरुंद होते. पट्टा निदान पाच-सहा सेंटीमीटर रुंद आणि आत थोडा फोम असलेला हवा. अरुंद पट्टा खांद्याजवळून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब आणतो आणि बोटांना मुंग्या येतात. छातीवरून जाणारा आडवा पट्टाही असावा. उतरत्या खांद्यांवरून सॅक घसरू न देण्याचे काम तोच करतो. तो गळपट्टीच्या हाडाखाली तीन-चार बोटे यावा आणि श्वास आवळू नये.

त्या पट्ट्याचे बकल हा वेगळाच विषय आहे. सांधेदुखीच्या अंगठ्यांनी ते दाबून सुटते का, हे ज्याच्या हातांनी वापरायचे त्यानेच पाहावे. हल्ली आपोआप चिकटणारी चुंबकी बकले मिळतात आणि दुखऱ्या बोटांना ती फार आवडतात. परंतु ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी ती टाळावीत. चुंबक पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर दूर असावे असे सांगतात, आणि छातीवरचे बकल तर नेमके त्याच परिसरात येते. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेला असतो, म्हणजे सॅकचा साधा पट्टाही त्याच्यावर घासू शकतो. अशा व्यक्तींनी सॅक घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारलेले बरे.

कापडाविषयी दुकानात ‘डेनियर’ हा शब्द कानावर पडतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. गिर्यारोहकांना किंवा लष्कराला लागणारे १००० डेनियरचे कापड आपल्याला नको. ते टिकते, पण जड असते. ४२० ते ६०० डेनियर आपल्या कामाला पुष्कळ झाले. तेवढ्याच जाडीचे नायलॉन पॉलिस्टरपेक्षा घासणे अधिक सोसते. सुती कॅनव्हास दिसायला देखणा, पण पावसात भिजून जड होतो आणि साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टात त्याला बुरशी धरते. कापडाला आतून पाणी अडवणारा लेप असतो. दमट हवेत वर्षानुवर्षे बंद ट्रंकेत ठेवलेल्या सॅकचा हा लेप चिकट होऊन त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ती कपाटाबाहेर खुंटीवर टांगलेली बरी. धुलाई यंत्रात घालू नये. ओल्या फडक्याने पुसावी, सावलीत वाळवावी.

कापडाआधी चेन बिघडते, असा माझा आणि आमच्या बॅग दुरुस्तीवाल्याचाही अनुभव आहे. चेनवर ५, ८, १० असे क्रमांक असतात. मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी साधारण तेवढी असते. मुख्य कप्प्याला ८ क्रमांकाची असेल तर उत्तम. रनरवर वायकेके ही अक्षरे असली तर ती १९३४ साली सुरू झालेल्या जपानी कंपनीची चेन, असे आपण समजतो, पण अक्षरे कोणीही कोरू शकतो. त्यापेक्षा भरल्या सॅकची चेन एका हाताने, कोपऱ्यावरून, दहा वेळा फिरवून पाहावी. रनरचे टोक बारीक असेल तर त्यात नाडीचा एक फास अडकवावा. बोट त्यात सहज जाते.

आतले कापड फिकट रंगाचे घ्यावे, ही सूचना मला कोणत्याही दुकानात मिळाली नाही. मोतीबिंदू असलेल्या किंवा मंद झालेल्या नजरेला काळ्या कप्प्यात काळे चष्म्याचे घर दिसत नाही. आमच्या सॅकचा रंग बाहेरून राखाडी आहे, कोणाचे लक्ष वेधणार नाही असा, आणि आतून पिवळसर. पैसे आणि ओळखपत्रे मात्र पाठीवरच्या कोणत्याही कप्प्यात ठेवू नयेत. गर्दीत मागे काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. काही सॅकांना पाठीला चिकटणारा छुपा कप्पा असतो, तो ठीक. गाडीत किंवा रिक्षात बसण्याआधी सॅक उतरवून मांडीवर घ्यावी. पाठीवर ठेवून बसले तर आपण आसनाच्या कडेवर येतो, आणि परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या वळणांवर ते परवडत नाही.

सॅक अंगावर चढवण्याची तरुणांची रीत, एका खांद्यावर टाकून गर्रकन फिरायचे, ती आपली नव्हे. खांदा आखडलेल्यांना तर हात मागे जातच नाही. सॅक कमरेच्या उंचीच्या ओट्यावर किंवा टेबलावर ठेवावी, पट्टे सैल करावेत, तिच्याकडे पाठ करून एकेक हात घालावा आणि मग पट्टे आवळावेत. उतरवताना याच्या उलट. जमिनीवरून वाकून उचलू नये.

काळजीवाहकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. रुग्ण चाकाच्या खुर्चीत असेल तर भरलेली सॅक खुर्चीच्या मागच्या मुठींना टांगण्याचा मोह होतो. रुग्ण उठला, किंवा चढावर खुर्ची थोडी कलली, की त्या वजनाने खुर्ची मागे उलटू शकते. वॉकरच्या पुढच्या दांड्याला पिशवी अडकवणेही तसेच; वॉकर पुढे कलंडतो आणि माणूस त्याच्यासह. सॅक काळजीवाहकाच्या पाठीवरच राहावी.

येथवर माझ्या सॅकचे झाले. ती घरी आणली त्या संध्याकाळी यजमानांनी ती उचलून पाहिली, चेन उघडली, औषधांचा कप्पा शोधला. मग म्हणाले, “माझी कोणती?”

मी फिजिओथेरपिस्ट बाईंना आधीच विचारून ठेवले होते. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांचा तोल मागे जातो. कोणी हलकेच स्पर्श केला तरी ते दोन-तीन पावले मागे रेटले जातात. अशांच्या पाठीवर वजन देणे म्हणजे त्या मागे जाण्याला हातभार लावणे. बाईंनी यजमानांच्या मागे उभे राहून, त्यांचे खांदे हलके ओढून पाहिले आणि मान हलवली. चालताना हातात काही धरायला दिले, तरी त्यांचे पाऊल आखडते. लक्ष वस्तूकडे जाते आणि चालणे अडखळते. म्हणजे पाठही नाही आणि हातही नाहीत.

“अहो, मी घेते ना सगळं,” मी म्हणाले.

“तू घे. पण माझ्या गोळ्या माझ्यापाशी असू देत. वेळ झाली की दर वेळी तुझ्या पाठीमागं जाऊन मागायच्या का?”

यात हट्ट होता, पण नुसता हट्ट नव्हता. लेव्होडोपाच्या गोळीची वेळ टळली की अर्ध्या-पाऊण तासात त्यांचे शरीर जड होत जाते. गोळी जेवणाशी जुळवून घ्यावी लागते, कारण प्रथिनांबरोबर ती नीट शोषली जात नाही. मी तिकिटाच्या रांगेत असेन, प्रसाधनगृहात असेन आणि सॅक माझ्याबरोबर असेल, तर गोळी त्यांच्यापासून दूर. शिवाय ज्या माणसाने आयुष्यभर घराचे सामान वाहिले, त्याला ‘तुम्ही फक्त या’ असे सांगणे मला जड जात होते. बाईंनी सुचवले ते असे: कमरेला पुढच्या बाजूस बांधायचा पाऊच, वजन पाव किलोच्या आत.

तो निवडायला तेच गेले, मी दुकानाबाहेर बाकावर बसून राहिले. बोटे थरथरतात म्हणून रुंद तोंडाचा, मोठ्या रनरचा पाऊच त्यांनी घेतला. त्यात एक छोटी डबी, प्रवासात लागणाऱ्या दोन गोळ्यांपुरती, चष्मा, रुमाल, आणि एक पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डावर नाव, माझा आणि मुलाचा क्रमांक, आजाराचे नाव, गोळ्यांच्या वेळा आणि खाली मुलाने ठळक अक्षरांत लिहिलेली एक ओळ: ‘मी हळू चालतो, कृपया ओढू नका.’ मागच्या खेपेला स्वारगेटच्या फलाटावर गाडीत चढताना एका तरुणाने त्यांचा हात धरायला आपला हात पुढे केला, तेव्हा यजमानांनी पाऊचमधून ते कार्ड काढून त्याला वाचायला दिले आणि मग सावकाश, दांडा धरून, स्वतः वर चढले. आमच्या मागे बरीच रांग तुंबली होती. वाहकाने तिला थांबवून धरले.

अलीकडे त्या पाऊचमध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची एक पुडीही असते. ती मला दाखवलेली नाही. पाऊच अजून पाव किलोच्या आत असावा, असे धरून मी चालते. काट्यावर ठेवून पाहिलेला नाही.